पाचवं तिकीट

कॅलेंडरवाले काहीही छापोत,
आमचा आठवडा शुक्रवारी उजाडतो.
पहिल्या पाळीतून सुटलो की अंबडहून तडक,
हाताला कूलंटचा वास, खिशात रुमालात बांधलेले शेंगदाणे.
मॉलमध्ये एकदा लाह्यांचा भाव विचारला होता,
तेव्हापासून रुमाल.

एकवीस वर्षं गेज लावतोय.
शाफ्ट जातो, किंवा जात नाही.
पास. रिजेक्ट. मधलं काही नसतं.
शुक्रवारचा सिनेमा मी असाच टाकून दिला:
एक बाई, एक फाटा, एक न येणारी एसटी.
मध्यंतराआधीच डोळा लागला. घोरलोही असेन,
कारण पुढच्या रांगेतल्या मुलीनं वळून पाहिलं
आणि तेवढीच काय ती त्या सिनेमात घडलेली घटना.
वहीत लिहिलं: लांबी जास्त, माल कमी.

वही दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची.
कॉलेज रोडला एका झेरॉक्सच्या दुकानात असते,
लॅमिनेशनच्या मशीनखाली, कोमट.
आम्ही चौघं. भेटतो वर्षाकाठी दोनदा,
एरवी अक्षरानंच ओळखतो एकमेकांना.
रऊफ तांबोळी हिरव्या शाईत.
मृदुला चांदवडकर एक ओळ सोडून.
गायधनी सर समासात लिहायचे,
इतरांच्या मजकुराला लगटून,
उभं, आडवं, जागा मिळेल तसं.

शनिवारी नाटक. स्पर्धेतलं,
म्हणजे प्रेक्षकांत निम्मे नातेवाईक.
दुसऱ्या अंकात नायकानं दार ढकललं. उघडेना.
पुन्हा ढकललं.
विंगेत कुणीतरी श्वास रोखला
तो तिसऱ्या रांगेत ऐकू आला.
मग तो शांतपणे वळसा घालून
खिडकीतून आत उतरला, धोतर सावरत,
आणि म्हणाला, “आलोय मी.”
संहितेतलंच वाक्य. पण टाळी पडली.

सोमवारी वहीत मृदुलाबाईंची दीड पानं:
ज्या घराचं दार आतूनही कुणाला उघडता येत नाही
तिथे परतणाऱ्या मुलालाही चोरासारखंच यावं लागतं.
मला ठाऊक होतं. ते दार माझ्या भाच्यानं केलेलं,
सिडकोतल्या एका गाळ्यात, स्वस्तातल्या प्लायचं,
रंग ओला असतानाच टेम्पोत घातलं. फुगलं.
केसभर.
पेन उघडलं.
मग टोपण लावलं.

मंगळवारी पाळी बदलली.
बुधवारी बँकेत सही जुळेना,
माझीच सही, माझ्याच सहीशी.
येताना दुकानात डोकावलो. वहीत हिरवी शाई:
‘बाई रोज फाट्यावर येते ना,
दर वेळी तिची पिशवी थोडी हलकी असते.
शेवटी रिकामी.
कुणी त्यावर अवाक्षर काढत नाही.
तुम्ही पाहिलंत?’

मी घोरत होतो, रऊफभाई.

गुरुवार. सकाळी साडेनऊचा, शेवटचा खेळ.
खिडकीतला पोरगा म्हणाला, पाच तिकिटं गेली तरच लावतात.
एक जोडपं, ज्याला फक्त एसी हवा होता,
औषध कंपनीचा एक माणूस, बॅगसकट पेंगुळलेला,
आणि मी. चार.
नऊ अठ्ठावीस.
“पाचवंही मलाच दे.”
“कुठली सीट?”
“कडेची. बसणाऱ्याला समासाची सवय आहे.”
पोरग्यानं काही विचारलं नाही. सुट्टे पैसे तेवढे मागितले.

पहिल्यांदा ती आली तेव्हा पिशवीच्या तळाशी
कशाचा तरी कोपरा टोचत होता, डबा असावा.
दुसऱ्यांदा कोपरा नव्हता.
मी शेंगदाणे खायचे थांबलो.
तिसऱ्यांदा तिनं पिशवीचा हात बदलला नाही.
आणि मग वारा आला, फाट्यावरचा फुफाटा उडाला,
बाई तशीच उभी
आणि पिशवी, आईशप्पथ,
पिशवी उडू बघत होती.
शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.
पाहिलं, इतकंच.

तिकीट वहीत चिकटवलं, समासात.
डिंक झेरॉक्सवाल्याचा.

दुपारी पाळीवर एक शाफ्ट गेजमध्ये अडला.
केसभर.
लाल पेटीत टाकला नाही लगेच.
हातात धरून फिरवत राहिलो उजेडात,
सुपरवायझर खाकरेपर्यंत.